जवसाच्या तेलात बुडवलेला बोल्ट

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. प्रॅक्टिकल चालू असताना फोन बॅगेत ठेवावे लागतात आणि बॅगा बाहेरच्या कट्ट्यावर. बाहेर येऊन पाहिलं तर आईचे मिस्ड कॉल. मी फोन लावला. आई रडत नव्हती. "तुहा मामा गेला बाई. सकाळी छातीत कळ आली अन् दवाखान्यात नेता नेता गेला. तू निंघ," एवढंच म्हणाली. मी हॉस्टेलवर जाऊन थोडे कपडे घेतले, स्टँडवर आले, अकोल्याची बस लागलेलीच होती, तिच्यात बसले. बडनेरा मागे पडल्यावर मी सवयीने फोन बाहेर काढला आणि मामांचा नंबर शोधला. अमरावतीहून निघाले की मी बडनेऱ्याच्या पुढे त्यांना फोन करायची आणि ते म्हणायचे, "ये, मी स्टँडच्या बाहीरच उभा हावो." त्या दिवशी नंबर समोर आला, मी तो पाहिला, आणि फोन परत बॅगेत ठेवला. शेजारच्या बाई शेंगदाणे खात होत्या. त्यांनी मलाही दिले. मी घेतले...

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. लिहिणं म्हणजे परीक्षेतली उत्तरं आणि प्रॅक्टिकलचं जर्नल, एवढंच मला येतं. आणि मामा काही नाव घ्यावं असे मोठे माणूस नव्हते. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात राहायचे आणि अकोला-तेल्हारा लाइनवर स्वतःची काळी-पिवळी, म्हणजे प्रवासी जीप, चालवायचे. पण भेटायला आलेली माणसं ओसरीवर बसून एकच बोलत होती, की फार शांत माणूस होता, कुणाला दुखवलं नाही. मला ते ऐकवेना. मामा शांत नव्हते. ते बोलके होते, हेकट होते, आणि आपलं काही चुकलं असं त्यांनी माझ्यासमोर तरी कधी कबूल केलं नाही. ते जसे होते तसे कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

मामांना माणसं लक्षात राहायची ती वजनाने. गाडीच्या मागच्या उजव्या अंगाची कमान कधीपासून नरम पडली होती. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर असतं आणि खड्ड्याचा दणका तेच सोसतात. उजवी कमान दबली की गाडी त्या बाजूला कलायची. म्हणून अकोल्याच्या स्टँडवर मामा प्रवाशांना आत बसवताना आधी अंगानं जोखून घेत. "काका, तुमी डाव्या अंगाले या. अवो हो, तुमीच. अन् तू रे बारक्या, तू इकडं सरक." एकदा एक गुरुजी चांगलेच चिडले, म्हणाले, "मी काय कापसाचं बोंद्रं आहे का, इकडून तिकडं टाकायला?" मामा म्हणाले, "गुरुजी, बोंद्र्याले मी काही इचारत नाही. तुमाले इचारून तरी राह्यलो." सगळी गाडी हसली आणि गुरुजी डाव्या बाजूला जाऊन बसले. मी लहानपणी सुट्टीत मामाच्या गावाला जायची ती अशीच, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, मामांच्या आणि खिडकीतल्या माणसाच्या मधे दाबून. माझं वजन मामांच्या लेखी कोणत्याच बाजूला धरण्यासारखं नव्हतं.

बारावीनंतर अमरावतीच्या कॉलेजात नाव लागलं तेव्हा मला पोचवायला तेच आले होते. बाबा म्हणत होते की बसनं जाऊ, एवढ्यासाठी लाइन कशाला बुडवायची. मामा म्हणाले, "भाची हॉस्टेलाले चालली अन् मामाची गाडी दारात, तं एसटीत काहून जाईन ते?" गादी, बादली, खाऊचे डबे, सगळं टपावर बांधलं. हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमनी फॉर्म भरताना विचारलं, पालक काय करतात. बाबा मजुरीला जातात हे सांगायला मला एक क्षण लागला. तेवढ्यात मामा म्हणाले, "मॅडम, हिचा बाप दुसऱ्याचं वावर पिकवते अन् मामा दुसऱ्याचे लोकं वाहते. आता हिचं काय ते तुमी पाहा." मॅडम हसल्या. मला तेव्हा फार लाज वाटली होती. आता वाटतं, मी अडखळले ते त्यांनी पाहिलं असावं. विचारलं असतं तर म्हणाले असते, "छ्या, मले काय ठावं." तेव्हापासून ते मला मास्तरीण म्हणायला लागले, मी मास्तरीण होणार की नाही हे कुणालाच माहीत नसताना.

त्यांची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा राठ झालेला असतो, त्याला कोमट पाणी, हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आजोबांच्या मागे मामांनी बैलजोडी विकून जीप घेतली, पण खांदशेकणी सोडली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते गाडी धुवायचे, खाली पोतं टाकून गाडीखाली शिरायचे आणि चारही कमानी तेलानं चोळायचे. तेलात चिमूटभर हळद. वरून मामी ओरडायची, "अवो, निंघा आता बाहीर, पुरन थंडं होऊन राह्यलं." खालून मामा गाडीला म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारची माणसं बघायला यायची. मामा सगळ्यांदेखत बोनेटलाही हळद लावायचे, आणि कुणी हसलं की म्हणायचे, "तुह्या बैलानं तुले अकोला दाखवला का कधी?"

तेल मात्र जवसाचं असायचं. आजोबा छकड्याच्या लाकडाला, जुवाला जवसाचं तेल लावायचे. त्यानं लाकूड पाण्यात फुगत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. मामांनी तेच गाडीला लावलं. नुसतं बाहेरून नाही. मागे केव्हातरी कमानीचे बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणारी रबर-लोखंडाची नळकांडी, बदलले, तेव्हा ग्रीस बाजूला ठेवून त्यांनी नवे बोल्ट जवसाच्या तेलात बुडवून बसवायला लावले. मेकॅनिक रफीकभाई नको म्हणत होते. मामा म्हणाले, "गाडी कोनाची हाय?"

पहिल्या वर्षाला आम्हाला तेलांचा धडा होता. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात, त्यांचा कडक थर बसतो, म्हणून रंगात आणि वार्निशमध्ये ती वापरतात. आणि त्यात पहिलं नाव जवसाचं होतं. मी वर्गात बसल्या बसल्या हसले होते. दिवाळीच्या सुट्टीत मामांना सांगितलं की लाकूड ते तेल पितं, लोखंड पीत नाही. लोखंडावर ते गोंदासारखं वाळतं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मामीला हाक मारली. "ऐकलं का वो? मास्तरीन म्हंते का आपन जवसाची चटनी खातो तं आपल्या पोटात वार्निश होते." मामी म्हणाली, "तुमच्या पोटात कायबी होईन." विषय तिथंच संपला. मी पुन्हा काढला नाही. काढून काही उपयोग नव्हता, पुढच्या पोळ्यालाही तेच तेल आणि तीच हळद.

आमची शेवटची भेट झाली ती अकोल्यात, रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे एका खड्ड्यात उजव्या कमानीचा मुख्य पाटा तुटला होता. गाडी कशीबशी अकोल्याला आणली होती. मी सुट्टीसाठी घरी चालले होते, तर मामा म्हणाले, गॅरेजवरच ये, पाटा बदलला की सोबतच जाऊ. मी पोचले तेव्हा मागचं चाक काढलेलं, चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, लाकडी ठोकळ्यांवर, आणि मामा आणि रफीकभाई दोघं गाडीखाली. कमानीचं पुढचं टोक गोल वळवलेलं असतं. ते चासीच्या दोन लोखंडी कानांमध्ये बसतं आणि आरपार एक जाड बोल्ट जातो. तोच बोल्ट निघत नव्हता. नट निघाला होता. बोल्ट मात्र ना फिरत होता, ना बाहेर सरकत होता, कारण आतल्या बुशाची लोखंडी नळी त्याला धरून बसली होती. रफीकभाईंनी सकाळपासून डिझेल मारून ठेवलं होतं. ते आत शिरतच नव्हतं. कानाच्या कडेला बोल्टाभोवती एक पिवळट तपकिरी काचेसारखा थर होता. रफीकभाईंनी त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ओढलं तर चरा उमटला, थर निघाला नाही.

"ये क्या पिलाये तुम इसको, मालूम है ना?" रफीकभाई म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू काही बोलू नोको." मी काहीच बोलले नव्हते.

मग मामांनी पान्याला लांब पाइप लावला आणि दोन्ही पाय ठोकळ्याला टेकवून स्वतः ओढायला बसले. रफीकभाई म्हणत होते, जोर नका लावू, तुटेल. मामांनी लावला. बोल्ट तुटला. डोक्याकडचा भाग कानाला घासून उडाला आणि उरलेला बोल्ट आतच, पाना लावायला आता काहीच नाही.  मग रफीकभाईंनी हात पुसले आणि सांगितलं की आता गॅस कटरशिवाय इलाज नाही. मामा एकदम उठले. कटर लावला की कान जळतो, भोक वाकडं होतं; मग कान कापून नवा वेल्ड करावा लागतो, आणि इतक्या जुन्या गाडीच्या चासीला नवं वेल्डिंग दिसलं की आरटीओत पासिंग होत नाही. पासिंग नाही तर लाइन नाही. "चासीले आग लावाची नाही," मामा म्हणाले. "राहू दे तशीच. मी दोन रोजानं येतो, मंग पाहू." आम्ही बसनं निघालो. बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते आणि दंड चोळत होते. मी विचारलं, दुखतं का? म्हणाले, "पाइप ओढला ना." मला आजही माहीत नाही की तो पाइपच होता की दुसरं काही... डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. तेल्हाऱ्याहून पुढे ते गावाच्या गाडीत बसले, मी घराकडे वळले. दोन दिवसांची सुट्टी संपवून मी अमरावतीला परतले आणि लगेचच तो फोन आला.

मामांना सकाळी कळ आली तेव्हा दारात गाडी नव्हती. ती अकोल्यात ठोकळ्यांवर होती. शेजारच्यांची पिकअप शोधायला माणूस धावला, ती वावरात गेलेली, मग दुसरी मिळाली. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की झटका मोठा होता, थोडं आधी आणून फरक पडला नसता. पण घरात बसलेली माणसं ते ऐकत नव्हती. जो येई तो म्हणे, "गाडी दारात असती तं..." मामी भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली आणि मोठ्या मामांना, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांना, विचारलं, "भाऊजी, गाडी दारात असती तं चालवली कोनं असती?"

उत्तरही तिनंच दिलं. "मी चालवली असती. माह्या बापाचा ट्रॅक्टर चालवत होती मी, लायसन बी हाय. पन इतक्या वर्षात स्टेरिंगले हात लावू देल्ला का कोनं? त्यायनं बी नाही देल्ला."

हे खरं होतं. मामी तेल्हाऱ्याकडची, बापाला मुलगा नव्हता, म्हणून ती लग्नाआधी ट्रॅक्टर चालवायची. मामा तिच्या ड्रायव्हिंगचं कौतुक चारचौघांत करायचे, पण जीप द्यायचे नाहीत. म्हणायचे, लाइनवरची गाडी आहे, लोक काय म्हणतील, बाईच्या मागे कोण बसेल. मामी हसून सोडून द्यायची. त्या दिवशी ती हसली नाही.

तेरवी झाल्यावर मोठ्या मामांनी अंजनगाव सुर्जीचं एक गिऱ्हाईक आणलं. जुन्या गाड्या घेऊन तोडायचा आणि भाग विकायचा असा त्याचा धंदा. मोठे मामा वाईट माणूस नाहीत. त्यांना मामीची काळजीच होती. पडून राहिलेली गाडी म्हणजे गंजत जाणारी गाडी, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मामी म्हणाली, मला ती चालवायची आहे, लाइनवर.

"बाईमानसानं काळी-पिवळी चालवाची?" मोठे मामा म्हणाले.

"ट्रॅक्टर चालवत होती तवा बी बाईच होती मी."

"अवो, पन तुटलेला बोल्ट अडकून हाय त्यात. कटर लावला का पासिंग गेलं. मंग काय वावरात चालवशीन?"

"कटर न लावता निंघाला तं?"

मोठ्या मामांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "निंघाला तं मी एक शब्द बोलत नाही." गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलं, थांब, कळवतो.

एका रविवारी मी आणि मामी अकोल्याला गॅरेजमध्ये गेलो. गाडी तशीच होती, मामांनी सोडली तशी. मागचं चाक काढलेलं, ठोकळे तसेच. फक्त काचेवर धूळ बसली होती. रफीकभाईंनी स्टुल पुसून दिलं, मामी बसली नाही. ती सरळ गाडीजवळ गेली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दुसरा काही रस्ता?"

रफीकभाईंनी सांगितलं की एक आहे. कान आणि बुश यांच्या मधे दोन्ही बाजूंना अगदी बारीक फट आहे. त्या फटीतून हॅकसॉचं नुसतं पातं घालून बोल्ट हातानं कापायचा, इकडून एकदा आणि तिकडून एकदा. मधला तुकडा कमानीसोबत खाली येईल. मग कानांत उरलेले दोन तुकडे पंच, म्हणजे ठोकायची जाड सळई, लावून आतल्या बाजूला ठोकायचे. कानाला धक्का लागत नाही. "मग आधीच का नाही केलं?" मी विचारलं. रफीकभाई जरा हसले. "बेटा, मशीन त्या फटीत जात नाही. हाताचं काम, पूरा दिवस जाते. तिकडं गाड्याइची लाइन लागून हाय. अन् तुह्या मामाले मी मंग फोनवर बोललो होतो. तो म्हने, दोन रोजानं मी येतो, मीच कापतो, तू आपलं काम कर." त्यांनी फटीवरची धूळ बोटानं पुसली. "मी वाट पाहत होतो तेची. मंग खबर आली."

मामीनं पदर खोचला. "पातं द्या."

रफीकभाईंनी पात्याच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली आणि सुरुवात स्वतः केली, चीर पडेपर्यंत. मग मामीनं घेतलं. मग मी. बोल्ट कडक पोलादाचा होता, पातं त्याच्यावरून नुसतं घसरल्यासारखं वाटायचं. रफीकभाई सांगायचे, घाई नको, लांब हात मार, ओढताना जोर दे आणि सोडताना सोड. ते मधे उठून दुसऱ्या गाड्या बघायचे, परत यायचे, बोटानं चिरेची खोली पाहायचे आणि "चालू द्या" म्हणायचे. पाती तुटली, बोथट झाली, नवी लावली. गिऱ्हाइकं येऊन बघून जायची. एक जण म्हणाला, "काय वो भाभी, गॅरेज टाकलं का?" मामी गाडीखालूनच म्हणाली, "टाकलं. तुमची आना, तुमची बी कापतो." मामी गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच असं बोलली, मामा बोलायचे तसं. मला हसू आलं आणि मग एकदम वाटलं की रडू येईल, पण पातं माझ्या हातात होतं, म्हणून कापत राहिले.

दुपार कलल्यावर दुसरी बाजूही तुटली आणि कमान रफीकभाईंच्या जॅकवर टेकून खाली आली. उरले दोन तुकडे, कानांच्या भोकांत. एक तुकडा थोड्या ठोक्यांनी पडला. दुसरा, ज्या बाजूचं डोकं मामांच्या हातून तुटलं होतं तो, हलेना. रफीकभाईंनी घण घेतला, चार ठोके मारले आणि थांबले. आणखी जोरात मारलं तर कान वाकेल. तेव्हा मी भीत भीत म्हटलं की जवसाचं वाळलेलं तेल क्षारानं सुटतं, जुना रंग काढतात तसं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून लावून पाहू का? रफीकभाई म्हणाले, "कपडे धुवाचे हायेत का बोल्ट?" पण त्यांनी चहाच्या टपरीवरून गरम पाणी मागवलं, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सोडा आणला आणि त्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या आम्ही कानाला बांधत राहिलो, गार झाल्या की बदलत. काही वेळानं चिंधी काढली तर तिला तपकिरी, बुळबुळीत असं काहीतरी लागलं होतं. आत किती गेलं असेल, देव जाणे. रफीकभाईंनी पंच लावला, पुन्हा बेतानं ठोकायला लागले. ठोक्याचा आवाज बदलला. मग तुकडा सरकला, अगदी नखाएवढा, मग पुढच्या ठोक्याला खाली पडला. सोड्यानं झालं की रफीकभाईंच्या हातानं, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. जर्नलमध्ये असतं तर निष्कर्षाची जागा मी रिकामी सोडली असती.

रफीकभाईंनी भोकातून बोट फिरवलं. टॉर्च धरून पाहिलं. पुन्हा बोट फिरवलं. मामी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"गोल हाय, भाभी. कान एकदम सही हाय. पासिंगवाल्याले काहीच दिसनार नाही, कारन दिसासारखं काही हायच नाही."

मामीनं मोठ्या मामांना फोन लावला. "निंघाला," एवढंच सांगितलं. पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मामी म्हणाली, "हो. त्या अंजनगाववाल्याले नाही म्हना." आणि फोन ठेवला.

नवा पाटा, नवे बुश बसले, नव्या बोल्टांना ग्रीस लागलं. दोन दिवसांनी आम्ही गाडी आणायला गेलो. परमिट नावावर व्हायचं आहे, लायसनवर प्रवासी गाडीची नोंद व्हायची आहे, पासिंगची तारीख पुढे आहे. मामीच्या गाडीत लोक बसतील की नाही हे तेव्हाच कळेल. त्या दिवशी फक्त गाडी घरी न्यायची होती. मामी ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिचे पाय पुरेनात. मामा उंच होते, त्यांनी सीट पार मागे घेऊन पक्की करून टाकली होती. मामी सीटच्या कडेला सरकून क्लच दाबायला लागली तसे रफीकभाई म्हणाले, थांबा, सीट पुढं करून देतो. ते खाली वाकले, पाना लावला, थोडं हलवून पाहिलं आणि मान हलवली. सीटचे बोल्टही जाम होते. त्यांनी नखानं कडेचा थर खरवडून पाहिला. "हेलेबी पाजलं दिसते तेनं," ते म्हणाले. "काही नाही, हे साधे हायेत. कटर मारतो, इथं पासिंगचं काही नाही. घडीभराचं काम हाय."

मामीनं खाली पाहिलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"हे राहू द्या," ती म्हणाली.

"भाभी, पाय पुरत नाही तुमचा."

"पुरवतो मी. हे नोका काढू."

मी माझी शाल घडी करून तिच्या पाठीशी लावली, तरी पुरेना, मग रफीकभाईंनी गॅरेजमधलं एक धुतलेलं पोतं दुमडून दिलं. पाय क्लचवर नीट टेकला. मामीनं गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि सावकाश बाहेर काढली. पूर्णेच्या पुलाजवळचे खड्डे तिनं सावकाश पार केले. मग म्हणाली, "दबत नाही आता उजवी बाजू." मी म्हटलं, नाही दबत.

परवा गावाला गेले होते तेव्हा पाहिलं, मामीनं पाठीसाठी उशी शिवली आहे. घरचाच कापूस, ठासून भरलेला, चांगली वीतभर जाड. रोज सकाळी ती गावाबाहेरच्या रस्त्यावर हात बसवायला गाडी फिरवून आणते. उतरताना उशी घरात नेत नाही. सीट आहे तिथंच आहे, मागे, आणि उशी तिच्यापुढे.